चहाची पाळी

बसव्वाच्या उखळापाशी एक नियम होता. गल्लीतल्या बायका तिथे विकायची शेंगाचटणी करायला जमत; मिरची कांडताना जिच्या डोळ्यांना पहिलं पाणी येईल, तिनं सगळ्या बायकांचा चहा करायचा. बसव्वाची सून उत्कर्षा अकलूजहून लग्न होऊन आली तेव्हा पहिले काही महिने हा चहा रोज तिच्याच गळ्यात पडे. पुढे कमी झाला आणि गेली दोन वर्षं तर तिच्यावर पाळी आलीच नव्हती.

"आमच्या सुनंला मिरची बी भिऊन असती," बसव्वा गल्लीभर सांगे. उत्कर्षालाही त्याचा तोरा होता, खोटं कशाला बोला!

तिच्या डोळ्यांत लेन्स आहेत हे मात्र गल्लीला ठाऊक नव्हतं. चष्म्याची सून नको, असं बसव्वाने लग्न ठरतानाच बजावलं होतं. म्हणून सकाळी उठल्याउठल्या घातलेल्या लेन्स झोपतानाच निघायच्या. पाहुणे मुक्कामाला असले की तेव्हाही नाहीत.

श्रावणात उजवा डोळा लालभडक झाला. दुखत नव्हता, म्हणून तिने आठवडा काढला. शेवटी नवरा, गुरुराज, तिला ओढतच डॉक्टरणीकडे घेऊन गेला. डॉक्टरणीने कापसाची बारीक वात करून बुबुळाला लावली. पापणी हललीच नाही.

"लागलं?"

"लावलीत कधी?"

डॉक्टरणीचा चेहरा उतरला. "बुबुळावर जखम आहे. दुसरी कुणी असती तर घर डोक्यावर घेतलं असतं. सतत लेन्स ठेवून डोळ्याची जाणीवच बोथट झालीय. लेन्स बंद करा, हळूहळू परत येईल. नाहीतर पुढची जखमही कळायची नाही, आणि ती नजर घेऊन जाईल."

उत्कर्षा आधी घाबरली, मग भडकली. इतके दिवस तिने मिरवलं ते दुखणं होतं!

त्या रविवारी नणंदेला बघायला मंगळवेढ्याची मंडळी येणार होती. बसव्वाने लेन्सची डबी पुढे केली.

"दोन तास घाल की गं. चष्मा बगून पावनी काय म्हनतील?"

"काय म्हणायचं ते म्हणू देत, अव्वा. डोळा माझा जाणार आहे, त्यांचा नाही."

तिने डबी घेतली, मोरीत उपडी केली आणि वर तांब्याभर पाणी ओतलं. पाहुणे आले, पोहे खाल्ले, नणंद पसंत करून गेले. चष्म्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. बसव्वा मात्र तीन दिवस बोलली नाही. उत्कर्षानेही मनधरणी केली नाही.

दिवाळीच्या तोंडावर चटणीला मोठी मागणी आली. बायका जमल्या, मुसळ चालू झालं, मिरचीचा खकाणा उडाला. आणि उत्कर्षाचा डोळा चुरचुरला. आधी उजवा, मग डावा. बघता बघता चष्म्याखालून धारा लागल्या.

"बसव्वा, सून हरली की गं तुजी!" एक जण ओरडली आणि सगळ्या हसल्या. बसव्वाने मान खाली घातली. दुसरी एक बाई दयेने चहाला उठू लागली.

उत्कर्षाने चष्मा काढला. गाल पुसले नाहीत. तशीच, सगळ्यांना दिसेल अशी उभी राहिली.

"कुणी उठायचं नाही. आजचा चहा माझा. उद्याचापण."