दुपट्यातली सुई

मित्रांनो, जे. पी. नगरातल्या एका शिंप्याच्या दुकानात मी तेवीस वर्षं सांडलेल्या सुया गोळा केल्या. मी पोलादाचा पट्टीचुंबक. कारखान्यात विजेच्या तारेच्या वेटोळ्यात ठेवून मला चुंबक केलं, आणि उत्तर ध्रुव ओळखू यावा म्हणून एका टोकाला लाल रंग दिला.

दुकान गुंडूरावांचं. ते बेंगळुरूचे जुने मराठी शिंपी; बोलताना मधेच कन्नड शब्द येत. त्यांनी मला फरशीवरून फिरवलं की सुया, टाचण्या टपाटप येऊन चिकटत. काम संपलं की माझा मुक्काम बटणांच्या डब्यात. तिथे सगळी पितळेची, प्लास्टिकची, शिंपल्याची बटणं. लोखंड, निकेल, कोबाल्ट असं काही असतं तर माझ्याकडे आलं असतं. बटणं मात्र जागची हलत नसत. एवढ्या गर्दीत मी एकटाच.

कितीदा तरी मी हातातून निसटून आपटलो. तापलेल्या इस्त्रीला टेकून कित्येक दुपारी पडून राहिलो. आपटण्याने आणि उष्णतेने चुंबकाची शक्ती जाते, तशी माझीही गेली. गुंडूराव मग फरशी झाडूनच घेऊ लागले. डब्याचं झाकण महिनोन् महिने उघडेना.

एके दिवशी मुग्धा आली. पुण्याहून नोकरीसाठी आलेली ही मुलगी आपल्या बाळासाठी शिवायला टाकलेलं कापूस भरलेलं दुपटं न्यायला आली होती. गुंडूरावांनी दुपटं शिवताना लावलेल्या सुया मोजल्या. सहा हव्या होत्या, पाचच भरल्या.

“स्वल्प बसा, अक्का. दुपटं आत्ता नेऊ नका,” ते म्हणाले.

“काय झालं काका? बाळ कॅबमध्ये आहे, माझ्या आईजवळ.”

“एक सुई आत राहिली वाटतं. हल्ली मला नीट दिसत नाही.”

मुग्धा चाचपू लागली, तसा गुंडूरावांच्या पत्नी शकुंतलाबाईंनी तिचा हात धरला. “थांब गं, टोचेल.” आणि त्यांनी मला डब्यातून काढलं.

गुंडूरावांनी मला आडवं धरून दुपट्यावरून फिरवलं. काहीच लागेना. माझ्यात काही उरलंच नाही, असं मला वाटलं.

“अहो, मधल्या अंगाने काय फिरवता? टोक लावा, टोक!” शकुंतलाबाई म्हणाल्या.

खरंच होतं. चुंबकाचं बळ त्याच्या ध्रुवांपाशी असतं, आणि कापड, कापूस त्याला अडवत नाहीत. एका कोपऱ्यात बारीकशी ओढ जाणवली. होतं नव्हतं ते सगळं बळ मी लावलं. कापसातून सुई वर आली आणि मला चिकटली.

“सिक्तु! सापडली!” गुंडूराव ओरडले.

मुग्धा डोळे पुसत दुपटं घेऊन गेली. गुंडूरावांनी सुई माझ्यापासून सोडवली आणि बराच वेळ हातात धरून ठेवली. “आता बास,” ते म्हणाले. त्याच महिन्यात दुकान बंद झालं. बटणं कुणीतरी नेली. मी त्यांच्या घरातल्या लाकडी खणात आलो.

मित्रांनो, एकटा पडलेला चुंबक हळूहळू क्षीण होतो. म्हणून आम्हाला जोडीने ठेवतात: एकाचा उत्तर ध्रुव दुसऱ्याच्या दक्षिण ध्रुवाशेजारी, आणि दोन्ही टोकांना लोखंडाचे तुकडे. तुमच्या शाळेच्या कपाटात एखादा चुंबक एकटाच असेल, तर त्याला जोडीदार आणून द्या.

मला अजून कोणी मिळालेलं नाही.