चांदणी दिसली की थांबायचं

शांतवनकाकांनी ढोलकी गळ्यात अडकवली की चर्चमधली म्हातारीकोतारीसुद्धा टाळ्या पिटायला लागायची. माणूस लाखात एक, असं सगळी मंडळी म्हणायची. नाताळाच्या आधी गाणी म्हणत घरोघर फिरायचं तर पुढं काकाच पाहिजेत. कुणाची करंजी खुसखुशीत, कुणाच्या चहात नुसतं साखरेचं पाणी, यावर टेम्पोत त्यांची अशी टकळी चालायची की पोरांची हसून मुरकुंडी वळायची. पण ह्या हसऱ्या माणसाच्या मनात एकदा अढी बसली की बसली. ते ठाऊक होतं फक्त त्यांच्या बायकोला, मार्थाबाईला. बाहेरच्यांना कशाला कळतंय? बाहेर ढोलकी ऐकू येते, घरातलं कुणाला ऐकू येतं!

फेरीचे नियम काकांनीच घालून दिलेले. चांदणी दिसली की थांबायचं, हा पहिला. ज्या दारावर नाताळाची दिव्याची कागदी चांदणी लागलीय ते घर आपलं. गरीब असो, श्रीमंत असो, भांडण असो नसो, दार चुकवायचं नाही. आणि दुसरा नियम दुःखाच्या घराचा. जिथं मयत झालंय तिथं ढोलकी गळ्यातून काढायची, तिच्यावर शाल टाकायची. गाणं नाही, हसणं नाही. त्या घरचं काही घ्यायचं नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही. मार्थाबाईनं गेलेल्याचं नाव घेऊन प्रार्थना करायची, सगळ्यांनी आमेन म्हणायचं आणि मुकाट्यानं पुढं निघायचं.

यंदा मार्थाबाईनं पहिल्या नियमावर सगळी भिस्त ठेवली होती.

तिला एकुलती एक लेक, सुवार्ता. अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर असलेल्या नंदीशशी दोन वर्षांपूर्वी लग्न करून मोकळी झाली. बापाला विचारलं नाही की चर्चच्या पाळकांना नाही. मुलगा देवळात जाणारा, लिंगायताचा. काकांनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. त्यांनी भिंतीवरचा लेकीचा फोटो उतरवला, हात धुतले, जेवायला बसले आणि म्हणाले, "भाजीत मीठ कमी हाय." त्या दिवसापासून घरात तिचं नाव बंद. बरं, पोरगी कुठं लांब गेली होती म्हणावं, तर तेही नाही. जुळे सोलापुरात, रिक्षेत बसलं की पोचलं! पण तिला मुलगा झाला, तो रांगायला लागला, तरी आजीनं त्याला बघितलं ते फोनच्या काचेतच.

गच्चीवर कपडे वाळत घालायच्या निमित्तानं मार्थाबाईनं तिला फोन केला होता.

"चांदणी लाव दाराला. तुझ्या बापाचाच नियम हाय. थांबावंच लागंल."

"आणि नाही थांबले तर, आई?"

"समद्या मंडळीसमोर स्वतःचा नियम मोडतील व्हय? मान कापून देतील, पण ते न्हाई करणार. मला एकदा पोराला मांडीवर घिऊ दे गं. मग काय व्हायचं ते हुंदे."

ठरलेल्या दिवशी दिवेलागणीला टेम्पो निघाला. कापसाची दाढी लावलेला सांताक्लॉज, खंजिऱ्या घेतलेल्या पोरी, करंज्यांचा डबा मांडीवर घेऊन बसलेली मार्थाबाई. पहिलंच घर शलमोन गुरुजींचं. त्यांची आई दिवाळीत वारलेली. काकांनी ढोलकी उतरवली, शाल टाकली. मार्थाबाईनं डोळे मिटून म्हातारीचं नाव घेतलं. तिच्या प्रार्थनेला अशी लय होती की गुरुजींना हुंदका आवरेना, आणि काकांनी त्यांना पोटाशी धरलं. काकांचे डोळे खरोखर भरून आले होते, खोटं कशाला बोला.

मग टेम्पो जुळे सोलापुरात शिरला. दोन-तीन घरं गाजवून झाली आणि कोपऱ्यावर वळताना खंजिरीवाली उत्कर्षा ओरडली, "काका, चांदणी! हे नवीन घर दिसतंय!"

ती बिचारी औंदाच मंडळीत आलेली. बाकी सगळ्यांना घर ठाऊक होतं. पोरींनी खंजिऱ्या मांडीवर ठेवल्या. काकांनी चांदणीकडं बघितलं, मग बायकोकडं बघितलं. मार्थाबाईनं करंज्यांचा डबा घट्ट धरला.

"थांबव," काका ड्रायव्हरला म्हणाले. "चांदणी दिसली की थांबायचं."

मार्थाबाईच्या जिवात जीव आला. पाझर फुटला गं बाई, ती मनात म्हणाली. दोन वर्षं उगीच भ्यालो आपण.

दारात नंदीश इस्त्रीचा शर्ट घालून हात जोडून उभा. त्याची आई मल्लव्वा शेंगाच्या पोळ्यांचं ताट घेऊन पुढं आली. "बर्री, बर्री! वळगं बर्री, आत या! आमचे बीगरू आले की!" व्याह्यांना त्यांच्यात बीगरू म्हणतात. "चांदणी मीच बांधली, ष्टुलावर चढून. सून म्हणली, माझ्या माहेरची माणसं येणार हायत." आणि तिच्या मागं सुवार्ता. कडेवर पोर, त्याच्या डोक्यावर लाल टोपी. मार्थाबाईला वाटलं, धावत जावं.

काकांनी ढोलकी गळ्यातून काढली.

खाली ठेवली. तिच्यावर शाल टाकली. सांताक्लॉजच्या हातातली घंटी वाजायची थांबली.

"टोप्या काढा," काका हळू आवाजात म्हणाले. "दुःखाचं घर हाय."

मल्लव्वाला काही समजेना. तिनं नंदीशकडं बघितलं. "कोण वारलं ओ? आमच्यात तर समदे बरे हायत."

"आमची लेक गेली, आज्जी," काका म्हणाले. गुरुजींशी बोलले होते त्याच मायेनं. "दोन वर्षं झाली."

"अगंगं!" मल्लव्वाचा हात तोंडावर गेला. "म्हंजे आमच्या सुवार्ताला भैण होती?"

"न्हाई. एकच होती."

नंदीश पुढं झाला, तर सुवार्तानं त्याचा दंड धरला. बापाकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. ती आईकडं बघत होती. "आई?" एवढंच म्हणाली.

काका मार्थाबाईच्या कानाशी वाकले. "प्रार्थना कर. नाव घेऊन कर. मग घे पोराला खुशाल, मी आडवा येत न्हाई."

काय म्हणावं ह्या बाईला! डबा नवऱ्याच्या डोक्यात घालायचा, नाहीतर नुसतं उभं तरी राहायचं. पण तिला दिसत होती फक्त ती लाल टोपी. शब्दच तर आहेत, तिनं स्वतःला समजावलं. वाऱ्यावर जातील. पोर हाताला लागेल. देवाला सगळं कळतं, लेकीलाही कळेल. अगं बये, डोळे मिटायच्या आधी एकदा लेकीच्या तोंडाकडं बघायचंस तरी!

मार्थाबाईनं डोळे मिटले.

"हे दयाळू बापा," ती म्हणाली, "आमची लेक सुवार्ता, हिला तू आम्हाला दिलंस, आणि तूच हिला नेलंस..."

जन्माची सवय. एकदा लय सापडली की शब्द आपसूक येत गेले. लेकीच्या गोड स्वभावाबद्दल तिनं देवाचे आभार मानले. मागं राहिलेल्या आईबापाला धीर मागितला. कुठं अडखळली नाही. आणि शेवटी सगळ्या मंडळीच्या तोंडून, सवयीनंच, आमेन निघालं. मल्लव्वानं पोळ्यांचं ताट मागं घेतलं. आता तिलाही कळलं होतं.

मार्थाबाईनं डोळे उघडले, डबा खाली ठेवला आणि दोन्ही हात पुढं केले. पोर हसलं. बोळकं दाखवत आजीकडं झेपावलं.

सुवार्ता एक पाऊल मागं सरली.

"दुःखाच्या घरचं काही घ्यायचं नसतं, आई," ती म्हणाली. डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता. "तुमचाच नियम आहे."

तिनं पोराचं तोंड आपल्या खांद्याकडं फिरवलं आणि आत गेली. नंदीशनं हात वर करून वायर ओढली. चांदणी विझली. मग दार लागलं.

काका शालीची घडी घालत होते. "नियम तेवढे विसरली न्हाई," ते म्हणाले आणि ढोलकी पुन्हा गळ्यात अडकवली.

पुढचं घर त्याच गल्लीत, दोन दारं सोडून. तिथं चांदण्यांची माळच लावलेली, दारात रांगोळी. बाळ जन्मल्याच्या गाण्याची पहिली ओळ दरसाल मार्थाबाईच म्हणायची, तिच्याशिवाय सूर लागत नसे. काकांनी थाप मारली, बायकोकडं बघून हसले.

"आवाज काढ की, मार्था! आनंदाचं घर हाय."

मार्थाबाईनं आवाज काढला. तो इतका खणखणीत लागला की दोन दारं पलीकडं, बंद दाराच्या आतसुद्धा, शब्दन् शब्द ऐकू गेला असेल.