सैल पट्टा

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. माझ्या हातून एक पाप घडले आहे, ते आज तुमच्यापुढे कबूल करतो.

कारखान्यात माझी मोटर, कॅसेट फिरवणारा रबरी पट्टा आणि दोन चकचकीत स्पीकर एकाच दुपारी बसवले गेले. दुकानातून मला घरी नेले ते एका संगीत समीक्षकांनी. नव्या चित्रपटांची गाणी आणि पॉप अल्बम ऐकून ते एका साप्ताहिकात परीक्षण लिहीत. त्यांचे नियम कडक होते. प्रत्येक कॅसेट तीन वेळा ऐकायची: एकदा डोळे मिटून, एकदा शब्द वाचत आणि एकदा बायको भांडी घासत असताना. "भांड्यांच्या आवाजातही जे कानात शिरतं, ते गाणं," असे ते म्हणत. बाहेर कुठे नवे गाणे वाजले, तर मत बिघडू नये म्हणून कान झाकून पुढे जात. भल्याभल्या संगीतकारांना त्यांनी पाचपैकी दीड ताऱ्यावर घरी पाठवले. हा माणूस बापाचीही भीड बाळगत नाही, असे वाचक म्हणत. त्यात माझाही वाटा होता, म्हणून मी फुशारून जात असे.

वर्षे गेली. माझ्या अंगावर धूळ साचली. पट्टा सैल होऊ लागला, तोही रोज केसभर, त्यामुळे कुणाच्या लक्षात आले नाही. मला मात्र कळत होते. गाणी माझ्यातून जरा सावकाश, जरा जड बाहेर पडत. समीक्षकांनी दोष काळाला दिला. 'हल्लीच्या चाली रेंगाळतात,' असे त्यांनी लागोपाठ चार परीक्षणांत लिहिले. एका वाचकाचे पत्र आले, 'साहेब, गाणी ठणठणीत आहेत, तुम्हीच म्हातारे झालात.' ते वाचून नवराबायको पोट धरून हसले. मला काही हसू आले नाही.

मग त्यांच्या धाकट्या बहिणीची कॅसेट आली. बारा वर्षे कोरसमध्ये गाऊन तिला चित्रपटात एकटीचे पहिले गाणे मिळाले होते. फोनवर ती म्हणाली, "दादा, बहीण म्हणून एकही तारा वाढवू नकोस हं."

"नाही वाढवणार," ते हसून म्हणाले.

त्यांनी ते गाणे तीन वेळा ऐकले. आवाज दमलेला होता, ताना डळमळत होत्या. त्यांचे डोळे भरून आले. "हिनं रियाज सोडला गं," ते बायकोला म्हणाले.

"फोन करून विचारा तरी."

"बहीण नसती तर विचारलं असतं का?"

मला ओरडावेसे वाटत होते. पण माझ्यापाशी त्या वेळी आवाज होता तो तिचाच, आणि तोच मी बिघडवत होतो.

'गायिकेचा गळा थकलेला आहे,' असे छापून आले. दीड तारा. पुढच्या चित्रपटातली तिची दोन गाणी दुसरीला गेली. सख्ख्या भावानेच असे लिहिल्यावर तिला कोण विचारणार? तिने त्यांचा फोन उचलणे बंद केले.

दोन वर्षांनी मी एका कॅसेटची फीत आत गुंतवून टाकली, तेव्हा कुठे मला दुरुस्तीला नेले. कारागिराने झाकण उघडले. "अहो, पट्टा पार ढिला झालाय. किती वर्षं हळू वाजतंय हे?"

नव्या पट्ट्यासह घरी येऊन समीक्षकांनी बहिणीची कॅसेट लावली. आवाज लख्ख होता. एकही तान हलत नव्हती. पहिल्याच कडव्याला ते माझ्यावर डोके टेकवून रडू लागले.

दुसऱ्या दिवशी मला काखेत मारून ते तिच्या घरी गेले. तंबोऱ्याच्या जागी शिलाई मशीन होते. त्यांनी सगळे सांगितले आणि गाणे लावले. हातातले शिवण तसेच धरून तिने ते शेवटपर्यंत ऐकले.

"किती छान गायची नाही रे ही?" ती म्हणाली.

समीक्षकांनी माफी छापली, पाच तारे दिले. पण तोवर तो चित्रपट कुणाला आठवतही नव्हता.

मित्रांनो, यंत्राची धूळ पुसा, पट्टा वेळेवर बदला. आणि कुणाचा गळा थकला असे लिहिण्याआधी तेच गाणे शेजाऱ्यांकडे जाऊन एकदा ऐका. मी आता तिच्याच घरी असतो. ती मला रोज पुसते. कॅसेट मात्र कधीच लावत नाही.