उपाशी हत्ती

सोनकीच्या फुलांनी टेकडी पिवळी झाली होती. भाद्रपदाचं कोवळं ऊन गवताच्या टोकाटोकावर थरथरत होतं. त्या सुवर्णप्रकाशात, विद्यापीठाच्या फाटकाशी, प्रांजल मला म्हणाली होती, "ताई, तुमच्या शाल्मलीकडे जरा बघा ना. मेसचं ताट ती नुसतं चिवडते."

शाल्मली माझी धाकटी आतेबहीण. प्रांजल तिची वसतिगृहातली खोलीसोबतीण. "अगं, घरची आठवण येत असेल," मी म्हणाले, लेकीचं बोट धरलं आणि चालू लागले.

आश्विन आला. निरभ्र, नीलमण्यासारखं आकाश घेऊन आला. शाल्मली दर रविवारी विद्यापीठातल्या आमच्या क्वार्टरवर येई. एकोणीस वर्षांची, पाणीदार डोळ्यांची, मेघश्यामल केसांची शाल्मली. आणि ऐन ऑक्टोबरच्या उन्हात अंगावर मनगटापर्यंत बाह्यांचा, दोघी मावतील एवढा ढगळ कुर्ता. वर्गाच्या प्रत्येक फोटोत कुणाच्या तरी खांद्याआड. वद्य पक्षातल्या चंद्रासारखी, दर रविवारी एका कलेने उणी.

आणि एका सकाळी माझी चिमुरडी ओवी आरशापुढे उभी दिसली. श्वास रोखून, गोलमटोल पोट आत ओढून, मान तिरकी करून.

"हे काय गं?"

"शालूमावशी करते ना, तसं."

आरशातलं ऊन एकाएकी गार झालं.

हस्त नक्षत्र सरत आलं. भोंडल्याची संध्याकाळ आली. अंगणात पाट मांडला. त्यावर रांगोळीचा हत्ती काढायचा आणि त्याच्याभोवती फेर धरायचा. वसतिगृहातल्या मुली साड्या सावरत, एकमेकींच्या निऱ्या ओढत, कलकलत आल्या. जणू रंगांचा थवाच उतरला. हत्ती काढायचा मान शाल्मलीचा. तिच्या चिमटीतून रेष कशी रेशमासारखी सुटते!

तिने हत्ती काढला. मग पोटाची रेष पुसली, जराशी आत घेतली. पुन्हा पुसली, पुन्हा आत घेतली. तो मेघवर्ण, मंदगामी, जलधारांचा स्वामी तिच्या बोटांखाली ओसरत गेला, ओसरत गेला. उरल्या पायांच्या चार काड्या आणि सोंडेची एक केविलवाणी रेघ.

"हत्ती आहे का हरीण गं?" प्रांजल हसली. "वाऱ्याने उडेल हां बिचारा!"

सगळ्या हसल्या. शाल्मलीही हसली. बोट मात्र पुसतच राहिलं.

त्या उपाशी हत्तीभोवती फेर फिरला. बांगड्या किणकिणल्या, पावलं घुमली, संध्याकाळ केशराची झाली.

मग खिरापत. झाकलेला डबा मी उंच धरून खुळखुळवला. आतला पदार्थ ओळखल्याशिवाय झाकण उघडायचं नाही, हा भोंडल्याचा रिवाज.

"चकल्या!" "चिवडा!" "ताई, मॅगी?" "गप गं, हावरट!"

त्या हशाच्या कडेवरून एक आवाज आला, हळू, जणू झोपेतला. "घारगे?"

"नाही गं."

"साटोऱ्या? खांतोळी? आई करते तशी, वेलदोड्याच्या वासाची? गुळपोळी, कडेपर्यंत तूप भिनलेली? थालीपीठ, मधल्या भोकात लोणी विरघळणारं?"

ती थांबेना. डोळे मिटलेले, ओठ थरथरते, आणि नावांमागून नावं, बांध फुटलेल्या ओढ्यासारखी. जिच्या ताटात काही उतरत नव्हतं, तिच्या आत अख्खं स्वयंपाकघर जागं होतं. चूल अहोरात्र धगधगत होती.

"...साधा वरणभात? गरम. वर लिंबू?"

फेरातल्या मुली तिच्याकडे वळल्या.

"वेडे," प्रांजल म्हणाली, "वरणभात डब्यात वाजेल का?" आणि वाक्य संपेतो तिचाच आवाज भिजला.

खिरापत त्या संध्याकाळी कुणीच ओळखली नाही. मी डबा तसाच ठेवला आणि आत जाऊन कुकर लावला.

शाल्मली मागोमाग आली. ओट्याला टेकून, स्वतःलाच मिठी मारून उभी राहिली.

"ताई, भीती वाटते."

"कसली गं?"

"एकदा खायला लागले तर थांबणारच नाही मी. मग... मग सगळ्यांना दिसेन."

"दिस की," मी म्हणाले. "आम्ही बघायलाच बसलोय. उद्या डॉक्टरांकडे जाऊ. मी येते तुझ्याबरोबर."

कुकरची शिट्टी झाली, आणि ती दचकून, किंचितशी, हसली.

पायरीवर सगळ्या दाटीवाटीने बसल्या. हातोहात बशा फिरल्या. वाफेला तुपाचा, लिंबाचा, घराचा वास. शाल्मलीने पहिला घास घेतला. किती वेळ तो तोंडातच राहिला, परक्या दारात अवघडलेल्या पाहुण्यासारखा. मग उतरला. मग दुसरा. मग तिने बशी खाली ठेवली.

"बस?" प्रांजलने विचारलं.

"आत्ता बस. उद्या बघू."

तिकडे ओवीने दोन्ही मुठींनी रांगोळी उपसली आणि हत्तीच्या पोटावर ओतली. पोट फुगलं, ढगासारखं, पूर्णचंद्रासारखं. शाल्मलीचं बोट पुसायला पुढे झालं, हवेतच थबकलं, आणि मग त्या पांढऱ्याशुभ्र, डौलदार, वाकड्यातिकड्या पोटाखाली तिने एक इवलीशी घंटा काढली.

तुमच्याही घरात, वर्गात, शेजारच्या खोलीत असेल कुणीतरी, फोटोत खांद्याआड सरकणारी. आज तिच्याकडे जा. जेवलीस का, एवढंच विचारा. ती "हो" म्हणाली तरी लगेच वळू नका. तिच्या दाराशी थोडं थांबा, थोडं थांबा, अंगणात शेवटचं ऊन थांबतं तसं.