धरणाचा पान्हा

बांधाच्या पायथ्याशी सकाळपासून रांग होती. कुणाच्या हातात कॅन, कुणाच्या हातात बाटली, एका म्हातारबुवांच्या हातात तर चक्क चहाची किटली. रांगेच्या टोकाला नवा दगडी ओटा, ओट्यावर बाबा, आणि ओट्याच्या बुडातून मनगटाएवढी जाड धार. पाणी पांढरट होतं. त्या पांढरटपणासाठीच ही झुंबड उडाली होती.

"धरणीमातेला पान्हा फुटलाय," प्रत्येक बाटलीवर हात फिरवत बाबा सांगत होते. "आधी नुसतं पाणी दिलं तिनं, तुमची परीक्षा बघितली. आता दूध देतेय. गुडघे, कंबर, पोट, कोर्टकचेरी, सगळ्यावर चालतं. शंका घेणाऱ्यावर मात्र चालत नाही."

शेवटचं वाक्य मोठं सोयीचं होतं. गुण आला तर बाबांचा, नाही आला तर दोष तुमचा.

तपासणीसबाई रांगेच्या मागे उभ्या राहून ऐकत होत्या. तलाव भरले की आसपासच्या गावांतली छोटी मातीची धरणं पायी पालथी घालायची, हे त्यांचं काम. भेग पडलीय का, घुशींनी पोखरलंय का, झाडाची मुळं आत शिरलीत का, पायथ्याला ओल कुठे आहे. या कामात त्यांचं निम्मं आयुष्य गेलं होतं आणि वाटेत बाबाही बरेच भेटले होते. पूर्वी त्या तावातावाने भांडत. आता बाबा दिसला की त्यांना नुसतं बसावंसं वाटे.

पण इथे बसून चालणार नव्हतं. बांधाच्या खाली तिसरं घर त्यांच्या ताईचं होतं.

मातीचं धरण पाझरतं, त्यात भिण्यासारखं काही नाही. पाझर कसा येतो ते बघायचं. निवळ आला तर झोपावं, गढूळ आला तर उठावं, असं बाई नव्या पोरांना शिकवत. गढूळ पाणी रिकाम्या हातानं येत नाही, धरणाच्या पोटातली माती घेऊन येतं.

त्यांची नजर ओट्याच्या दगडांवर गेली.

"हे दगड कुठले?" त्यांनी गावच्या पुढाऱ्याला विचारलं.

"इथलेच की. पायथ्याला नुसते रचून ठेवलेले. बाबा म्हणाले, मातेची वाट अडवलीय यांनी. मग सगळ्या गावानं मिळून हलवले. एका दिवसात ओटा उभा."

"ते नुसते रचलेले नव्हते. पाणी जाऊ द्यायचं आणि माती धरून ठेवायची, यासाठी होते. किटलीखालची गाळणी काढून घेतलीत तुम्ही."

पुढारी हसला. बाई हसल्या नाहीत. तलाव काठोकाठ भरला होता आणि वरून अजून पाणी येत होतं. त्यांनी धरणाच्या चौकीदाराला तलावाचं पाणी सोडायच्या मोरीचं दार उघडायला सांगितलं. तलाव उतरवायचा आणि तोवर खालची घरं रिकामी करायची. चौकीदार स्वतःच्या चपलांकडे बघत राहिला. पाणी सोडू द्यायचं नाही म्हणून दाराच्या खोलीसमोर पायऱ्यांवर माणसं ठाण मांडून बसली होती.

"तलाव उतरला आणि झरा आटला तर?" पुढारी म्हणाला. "लोक मला फाडून खातील बाई."

"तलाव उतरला की झरा आटतो, हे तुम्हीच म्हणताय. मग झऱ्याला पाणी कुठून येतं?"

पुढाऱ्यानं बाबांकडे पाहिलं. बाबा मात्र तयारीचे होते. "तलाव माणसाचा, झरा पाताळाचा. शिकलेल्यांना हे उमगायचं नाही." रांगेनं माना डोलावल्या.

बाईंनी कचेरीत फोन लावला. माणसं संध्याकाळपर्यंत पोहोचतील, असं उत्तर आलं. धरण संध्याकाळपर्यंत थांबेल, असं मात्र कुणी सांगितलं नाही.

त्या ताईकडे गेल्या. ताई स्वयंपाकघरात भांडी विसळत होती.

"आलीस? आल्या आल्या भांडलीस म्हणे."

"ताई, पिशवी भर आणि माझ्याबरोबर चल. घर रिकामं करायचंय."

"काही होत नाही. माता आहे पाठीशी." ताईनं पाय झटकून दाखवला. "बघ. गुडघे सुटले माझे. पहिली बाटली मीच भरली होती, आता बाबा सगळ्यांना माझंच उदाहरण देतात."

"पूर्वी दिवसभर काय करायचीस?"

"काय करणार? बसायची. तुझे भावजी गेल्यापासून बोलायला भिंतच."

"आणि आता?"

"आता दोन वेळा झऱ्यावर जाते. चार माणसं भेटतात..." ताई बोलता बोलता थांबली. तिला धाकटीची ही विचारण्याची रीत लहानपणापासून ठाऊक होती. "चालल्यानं सुटले म्हणतेस?"

"चालल्यानं आणि बोलल्यानं."

ताईला हे आवडलं नाही. ती पाठ फिरवून फळीवरच्या बाटल्या पुसू लागली. दर आठवड्याला एक, अशा ओळीनं मांडल्या होत्या. बाई बघतच राहिल्या. पहिल्या बाटल्यांचा तळ स्वच्छ होता. मग तळाशी एक पुसट रेघ, मग बोटभर थर, आणि शेवटच्या बाटलीत वर स्वच्छ पाणी अन् खाली चार बोटं पांढरी चिकणमाती.

"हे काय आहे ताई?"

"साय. बाबा म्हणतात, गाईच्या दुधाची साय वर येते, धरणीच्या दुधाची खाली बसते."

बाईंना हसू आलं आणि त्याच क्षणी रडूही आलं. त्या खुर्चीत बसल्या. "मी दमलेय गं. तुझ्याशी वाद घालायचं त्राण नाही माझ्यात. तू एवढंच सांग, ही साय दर आठवड्याला वाढतेय, तर कुठून तरी कमी होत असेल ना?"

ताईनं खिडकीतून बांधाकडे पाहिलं. तिचं सारं आयुष्य पिठाच्या डब्याशी गेलं होतं. डब्यातून रोज पीठ काढलं की डबा रिकामा होतो, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. तिनं सगळ्या बाटल्या टोपलीत भरल्या आणि टोपली कमरेवर घेऊन निघाली.

ओट्यावर तिनं त्या क्रमानं मांडल्या. रांग मोडून लोक भोवती जमले. पहिली बाटली हिचीच, त्यामुळे हिला अडवायचं कुणाच्या मनात आलं नाही. बाईंनी शेजारच्या जुन्या खाणीतली, जिथली माती खणून धरण बांधलं होतं तिथली, मूठभर माती मागवली. निवळ पाण्याच्या बाटलीत टाकून हलवली. पाणी दुधासारखं झालं.

"झाला चमत्कार," बाई थकल्या आवाजात म्हणाल्या. "मला पान्हा फुटला म्हणायचं का आता?"

"पण धार वाढली ती माझ्या जपानं," बाबा म्हणाले.

"धार वाढली ती तलाव भरल्यानं आणि तुम्ही दगड काढल्यानं. चला वर, माती गेली कुठून ते दाखवते."

माथ्यावर, ओट्याच्या बरोबर वर, गवतात परातीएवढा खळगा पडला होता. कुणाच्या लक्षातही आला नसता. बाईंनी चौकीदाराची काठी त्यात टेकवली. काठी जोर न लावता आत गेली, बाईंच्या मुठीपर्यंत. खाली घरांची छपरं दिसत होती.

"बाबा," किटलीवाले म्हातारबुवा सावकाश म्हणाले, "तुम्ही झोपता कुठं हो?"

बाबांचा मुक्काम समोरच्या टेकडीवर होता, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. आजवर कुणी त्याचा विचार केला नव्हता. बाबा ध्यानाला जातो म्हणून उठले ते पुन्हा दिसले नाहीत.

पायऱ्या आपोआप मोकळ्या झाल्या. चौकीदारानं मोरीचं दार उघडलं. खालची माणसं बिऱ्हाडं घेऊन शाळेत गेली. ज्यांनी ओटा रचला त्यांनीच तो उपसला, आणि बाई सांगतील तसा थर दिला, आधी वाळू, मग खडी, मग दगड. तलाव उतरला तशी धार बारीक झाली आणि शेवटी पाताळाचा झरा पुरता आटला.

माणसांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि लगेच एक जण बाईंच्या पाया पडायला वाकला. "बाईंना आतलं दिसतं."

"मला आतलं काही दिसत नाही," बाई मागे सरकत म्हणाल्या. "मी बाटली भरते, ठेवते, तळाशी काय बसतं ते बघते. हे तुम्हालाही येतं. कुणी काही पाजायला आलं की पिण्याआधी थोडं थांबा. एवढं केलंत तरी माझी निम्मी पायपीट वाचेल."

कितीजणांनी ऐकलं कोण जाणे. पुढाऱ्यानं त्याच आठवड्यात दुसऱ्या गावच्या बाबाची चौकशी केल्याचं बाईंच्या कानावर आलं.

खळगा खणून भरला, बांध दुरुस्त झाला, आणि पुढच्या साली तलाव पुन्हा भरला. ताईचे गुडघे ठीक होते. ती अजून दोन वेळा बांधावर जायची, आता शेजारणीही बरोबर असायच्या. पायथ्याच्या दगडांतून बारीक पाझर येई. ताई त्याची बाटली भरून खिडकीत ठेवायची आणि तळ बघून धाकटीला फोन करायची. बाई फोनची वाट बघत जाग्याच असत.

"निवळ आहे," ताई म्हणायची. "झोप आता."