मावशीच्या जीपची उचकी

मावशीची जीप म्हणजे चार चाकांवर बसवलेली उचकी. सपाट रस्त्यावर ती शहाण्या मुलीसारखी चालायची, पण चाकाखाली दगड आला रे आला की सुरू! यात जीपचा काही दोष नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. दोष मावशीच्या उंचीचा होता. मावशी होती एवढीशी. सीटवर दोन उशा ठेवल्या की तिला काचेतून रस्ता दिसायचा, पण पाय पोचायचे नाहीत. दोन्ही काढल्या की पाय पोचायचे, पण रस्त्याऐवजी स्टिअरिंग दिसायचं. शेवटी एका उशीवर तडजोड झाली होती. आता गाडी दगडावर उडाली की मावशीही उडायची. मावशी उडाली की रेसवरचा पाय सुटायचा आणि गाडी मरगळायची. मग मावशी धपकन खाली यायची, पाय रेसवर आदळायचा, गाडी पुढे उसळायची आणि मावशी पुन्हा वर! हे एकदा सुरू झालं की डोंगर संपेपर्यंत थांबत नसे.

मागे मधमाश्या नसत्या तर हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं.

मावशीचा धंदाच मधमाश्यांचा. फळबागेला फुलं आली की तिथे पेट्या नेऊन ठेवायच्या. माश्या फुलाफुलावर फिरणार, त्याने फळ धरणार, बागवाला खूश, आणि मध मावशीचा. डोंगरावरची बाग सगळ्यांत मोठी. मावशीच्या निम्म्या पेट्या तिथेच जायच्या. पण गेल्या वर्षी उचकी इतकी जोरात लागली की वर पोचेपर्यंत एका पेटीचं झाकण सरकलं. स्वागताला बागवाले काका हसतमुखाने पुढे आले होते. त्यानंतर कितीतरी दिवस त्यांचा खालचा ओठ त्यांच्या आधी खोलीत शिरायचा.

यंदा त्यांचा फोन आला तेव्हा आवाजात गोडवा औषधालाही नव्हता.

"बाई, फुलं उमललीत. रविवारी सकाळी पेट्या आणा. पण एक जरी माशी पेटीबाहेर दिसली ना, तर आल्या पावली परत. ट्रॅक्टरवाला त्याच्या पेट्या घेऊन तयारच बसलाय."

मावशीने फोन ठेवला आणि भिंतीकडे बघत राहिली. "ही बाग गेली तर निम्म्या पेट्या ठेवू कुठे? माळ्यावर? विकाव्याच लागतील."

"माळ्यावर मुळीच नाही," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. आई म्हणजे मावशीची थोरली बहीण, आणि तिचे कान भिंतीपलीकडचंही ऐकायचे.

हे सगळं ऐकत, खुर्चीवर पाय वर घेऊन बसली होती मावशीची भाची. घरात तिला सगळे पक्कड म्हणत, कारण एखादी गोष्ट एकदा धरली की ती सोडायची नाही. त्यात महिन्यापूर्वी तिने शाळेची बंद पडलेली घंटा दुरुस्त केली होती, तेव्हापासून तर जगात न जमणारं काही आहे यावर तिचा विश्वासच उरला नव्हता.

"मावशी," ती ताडकन उठून म्हणाली, "तुझा पाय आणि रेस, यांची फारकत करायची!"

"म्हणजे?"

"म्हणजे रेस हाताने द्यायची! सायकलच्या गिअरचा खटका असतो ना, ठेवू तिथेच राहणारा? तो गिअरच्या दांड्याला बसवू. त्याची केबल न्यायची थेट इंजिनापर्यंत. चढ आला की खटका हवा तेवढा सरकवायचा आणि पाय काढून घ्यायचा. मग तू छतापर्यंत उडालीस तरी गाडीला पत्ता लागणार नाही!"

"आणि शाळेच्या घंटेचं काय झालं, ते सांग ना मावशीला," आई म्हणाली.

"वाजते की आता!"

"थांबते का?"

पक्कडने या प्रश्नाकडे मोठ्या मनाने दुर्लक्ष केलं. मावशीने मात्र तिच्याकडे नीट निरखून पाहिलं. मावशीच्या नजरेला नजर देणं सोपं नव्हतं. माश्यांमध्ये वावरून ती फार शांत बघायची.

"पायाची रेस तशीच राहणार?"

"जशीच्या तशी. हाताची वेगळी."

"खटका खाली केला की गाडी पुन्हा मंद?"

"लग्गेच! आणि काही बिनसलं तर किल्ली आहेच."

"मग घे पाना," मावशी म्हणाली.

शनिवारी सकाळी शेडमध्ये जीपचं बॉनेट उघडं पडलं आणि पक्कडचे फक्त पाय बाहेर दिसू लागले. खटका तिच्याच जुन्या सायकलवरचा होता. तो गिअरच्या दांड्याला असा घट्ट बसला, जणू जीप कारखान्यातूनच तो घेऊन आली होती. पायांपुढच्या पत्र्यात एक भोक होतंच, त्यातून केबल पलीकडे काढली. केबल म्हणजे तरी काय, बाहेर एक नळी आणि आत सरकणारी तार. तारेचं टोक इंजिनावरच्या कार्बोरेटरच्या दांडीला अडकवलं; ती दांडी ओढली की रेस वाढते. नळीचं टोक मात्र कुठेतरी पक्कं धरून ठेवायला हवं होतं, नाहीतर तार ओढली जाणार कशी? बॉनेटखाली बाजूच्या पत्र्यावर एक छान रिकामा बोल्ट होता. पक्कडने नळी तिथे आवळली, हात पुसले आणि हाक मारली, "मावशी, दे किल्ली!"

अंगणात जीप उभ्या उभ्या गाऊ लागली. खटका थोडा वर की आवाज थोडा वर, खटका खाली की आवाज खाली. पक्कडने बॉनेटवर पाण्याचा पेला ठेवून मावशीला अंगणाला एक फेरी मारायला लावली. पाणी हललंसुद्धा नाही! तिची मान इतकी ताठ झाली की कपडे वाळत घालायची दोरी तिला दिसलीच नाही.

"पेट्या भरायच्या?" दोरीतून सुटत तिने विचारलं.

"आधी रिकाम्या," मावशी म्हणाली. "आणि माश्यांऐवजी बटाटे."

म्हणून मग दोन रिकाम्या पेट्यांत घरातले सगळे बटाटे गेले, जीप गावाबाहेरच्या दगडी चढाला लागली, आणि मावशीने खटका सरकवून पाय काढून घेतला.

पहिले दोन दगड झकास. तिसऱ्या दगडापाशी चढ उभा झाला, आणि जीपने जे काही केलं त्याला उचकी म्हणणं म्हणजे उचकीचा अपमान. ती गुरगुरली, उसळली, मरगळली, पुन्हा उसळली. मावशीचा पाय तर रेसच्या आसपासही नव्हता! मागे बटाटे पेट्यांची झाकणं फोडून बाहेर पडले आणि उड्या मारत उताराने घराच्या दिशेने निघाले. मावशीने किल्ली फिरवली. सगळं शांत झालं. एक शेवटचा बटाटा टप्पे खात गेला, तेवढाच आवाज.

पक्कडने त्या बटाट्याकडे पाहिलं. ते बटाटे उद्या माश्या असते. मग ओठ सुजलेले काका, ट्रॅक्टरवाला, विकायला काढलेल्या पेट्या, आणि हे सगळं कुणामुळे? एरवी तिने लगेच पुढची युक्ती सांगितली असती. तिने तोंड उघडलंही. पण आतून वेगळंच वाक्य बाहेर आलं.

"मावशी, मला कळत नाहीये का होतंय ते."

"मला तर मुळीच नाही," मावशी म्हणाली. "चल, बघू या. पेटीत काय चाललंय ते कळत नसलं की मी पेटीपाशी बसते आणि बघते. बोलत नाही."

"अजिबात?"

"तुला जमेल तेवढं."

बॉनेट उघडलं. पक्कड बाजूला, सुरक्षित अंतरावर वाकून उभी राहिली. मावशीने चाकांना दगड लावले, ब्रेक दाबून धरला, गाडी सुरू करून खालच्या गिअरमध्ये टाकली आणि क्लच हळूच सोडत इंजिनाला जोर लावायला लावला. पक्कड बघत राहिली. खरंच काही बोलली नाही. आणि मग तिला दिसलं.

इंजिन कलत होतं! सबंध इंजिन, एवढं मोठं धूड, जोर लागला की आपल्या रबरी बैठकीवर एका कुशीला वळत होतं, आणि जोर गेला की परत सरळ होत होतं. कार्बोरेटर इंजिनावर बसलेला, म्हणजे तोही त्याच्याबरोबर कलणार. पण केबलची नळी तिने बांधली होती बाजूच्या पत्र्याला, आणि पत्रा काही हलत नव्हता. इंजिन कललं की तार आपोआप ताणली जायची, रेस वाढायची, त्या रेसने इंजिन आणखी कलायचं. गाडी उसळून जोर सुटला आणि इंजिन सरळ झालं की रेस गायब! अंगणात हे कसं कळणार? तिथे त्याला जोर लावावाच लागला नव्हता.

"मावशी!" ती इतक्या जोरात ओरडली की मावशीचा पाय क्लचवरून सुटला आणि जीप एक आचका देऊन बंद पडली. "ते स्वतःचाच कान पिळतंय! इंजिन! स्वतःच स्वतःचा कान पिळून घेतंय आणि स्वतःच बोंबलतंय!"

घरी परतल्यावर तिने नळी पत्र्यावरून सोडवली, कार्बोरेटरशेजारी इंजिनाच्याच एका बोल्टला लोखंडी पट्टी लावली आणि नळीचं टोक त्या पट्टीवर आवळलं. मधे केबलला चांगला सैल झोल ठेवला. आता इंजिन हवं तेवढं लोळू दे, तार, नळी आणि कार्बोरेटर सगळे एकत्र लोळणार. आई दारात येऊन उभी राहिली.

"माझे बटाटे कुठे आहेत?"

"येतायत," मावशी म्हणाली. "रस्त्यात असतील."

संध्याकाळी पुन्हा तोच चढ. या वेळी पेट्यांत कांदे होते. एकही कांदा जागचा हलला नाही.

रविवारी उजाडता उजाडता भरलेल्या पेट्या, दारांना जाळी लावून, जीपमध्ये चढल्या. पक्कड मावशीशेजारी बसली, कान मागे लावून. पेट्यांतून एक संथ घुमणारा सूर येत होता. चढ सुरू झाला. मावशीने खटका सरकवला, पाय काढला आणि तो ब्रेकजवळ नुसता तयार ठेवला. जीप दगडांवरून म्हातारीच्या पावलांनी चढू लागली. मावशी उडत होती, उशी उडत होती, पक्कडचं डोकं दोनदा दाराला लागलं, पण इंजिनाचा आवाज तसाच, आणि मागचा सूरही तसाच.

वर बागेच्या फाटकाशी बागवाले काका उभे होते. डोक्यावर हेल्मेट, काच खाली, हातमोजे, आणि उभे कुठे? तर फाटकापासून चार हात लांब, झाडामागे.

मावशीने सवयीने, जणू तो रेसवरच होता असा, पाय उचलला. गाडी थांबायला हवी होती. पण पाय आता मालक कुठे होता? जीप आपल्या त्याच चालीने काकांच्या समोरून पुढे निघाली.

"अहो बाई! थांबा की! कुठे निघालात?" काका झाडामागून धावत आले आणि जीपच्या मागोमाग चालू लागले.

मावशीचा पाय ब्रेककडे गेला. तेवढ्यात पक्कडने मागे वळून पाहिलं. काका पेट्यांना अगदी खेटून चालत होते. आपण कुठे आहोत हे त्यांच्या बहुतेक लक्षातच आलं नव्हतं.

"मावशी, ब्रेक नको," पक्कड कुजबुजली. "चालू दे थोडं."

मावशीने आरशात पाहिलं. तिच्या ओठाचा एक कोपरा हलला. पाय तिथेच राहिला.

बागेतली वाट दगडगोट्यांची होती. जीप डावीकडे कलली, उजवीकडे कलली. काका हाका मारत चालत होते, मग त्यांच्या हाका मंदावल्या, मग बंदच झाल्या. त्यांचं लक्ष पेट्यांकडे गेलं होतं. त्यांनी एका पेटीजवळ हेल्मेट नेलं. मग दुसऱ्या. मग हेल्मेटची काच वर झाली. पुढे खताचा भलामोठा ढीग आला, तेव्हा पक्कडने एका बोटाने खटका खाली केला, मावशीने ब्रेक दाबला, आणि जीप खताच्या वासात अदबीने थांबली.

"एकही नाही," काका स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. त्यांनी हेल्मेट काढलं. हेल्मेटखालचे केस घामाने चपटे होऊन कपाळाला चिकटले होते, आणि ओठ अगदी नेहमीच्या मापाचा होता. "बाई, नेहमीच्या जागी उतरवा. ट्रॅक्टरवाल्याला मी कळवतो." मग त्यांनी गाडीत डोकावून खटक्याकडे बोट दाखवलं. "हे कुणी बसवलं?"

"हिने," मावशी म्हणाली.

पक्कडची मान ताठ होऊ लागली. मग तिला कपड्यांची दोरी आठवली आणि ती वेळीच थांबली.

"माझ्या पाण्याच्या इंजिनालाही असं काही बसवता येईल का गं?"

"बघते ना काका," पक्कड म्हणाली. "पण आधी मला त्याच्याजवळ थोडा वेळ नुसतं बसू दे."

"आणि त्याच्याही आधी," मावशी उशी काखेत मारून खाली उतरत म्हणाली, "उद्या शाळेत जाऊन ती घंटा थांबव."