पेशींवाचूनची पट्टी

ताइनानच्या त्या प्रयोगशाळेत युए-श्या एकोणीस वर्षं पेशी पोसत होती. पेशी भोवतालच्या द्रवात जी प्रथिनं सोडतात, त्यांचे काळे डाग दोन बोटं रुंदीच्या पट्टीवर उमटवायचे नि वाचायचे, यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. कुणी कौतुक केलं तर खुशाल म्हणायची, "मग! आहेच मी तशी." शोधनिबंधांवर नावं मात्र कायम इतरांची. या खेपेला प्रयोगशाळेचे प्रमुख थू सर यांनी शब्द दिला होता, पहिलं नाव तिचं.

तीन रुग्णांच्या जखमांतल्या पेशी, तीन पट्ट्या, आणि तिन्हींवर जखम भरणाऱ्या एका प्रथिनाचा ठसठशीत डाग. निबंध स्वीकारला गेला. हाताखालच्या पेइ-रोंगने खूश होऊन फोटोच्या यंत्रावर तिथल्या रिवाजाप्रमाणे खाऊची नवी हिरवी पुडी ठेवली, यंत्र रुसू नये म्हणून.

युए-श्या मात्र फोटोंकडे बघतच राहिली.

"तीन जावांच्या हातची माशाची पेजसुद्धा एका चवीची होत नाही गं. आणि या तिघांचे डाग अगदी सारखे?"

"ताई, कशाला उगाच! परीक्षकांनीसुद्धा नाही विचारलं."

"त्यांनी नाही विचारलं, म्हणून मी विचारतेय."

पेटीत एकच पट्टी उरली होती, चौथ्या रुग्णासाठी राखलेली. तिच्यावर युए-श्याने पेशींना पाजायचा नुसता पोषक द्रव ओतला. त्यात एकही पेशी नव्हती.

"अहो, अख्खी पट्टी वाया!" पेइ-रोंग ओरडली.

दुसऱ्या दिवशी फोटो आला. तोच डाग, तितकाच काळा. प्रथिन पेशींचं नव्हतंच, पोषक द्रवात घातलेल्या वासराच्या रक्तातलं होतं. नमुना घेण्याआधी ते रक्त द्रवातून वगळायचं असतं. पण रुग्णांच्या त्या नाजूक पेशी उपाशी मरतील म्हणून युए-श्याचंच मन धजावलं नव्हतं.

थू सरांनी आत येऊन दार लोटून घेतलं. "हे आपल्या तिघांनाच ठाऊक आहे, युए-श्या."

"तीन माणसं पुष्कळ झाली, सर."

तिला रडू फुटलं. किती हवा होता तिला तो निबंध! तिने डोळे पुसले आणि तो मागे घेण्याचं पत्र लिहायला बसली.

"खाली सह्यांत पहिलं नाव कुणाचं?" पेइ-रोंगने हळूच विचारलं.

"माझं. चूक माझी, आणि पकडलीही मीच."